‘नजर बदलणारे’ सिनेमे बघूनही काही होत नाही, त्याचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की ‘हे सिनेमे बघा, आयुष्य बदलेल’ छाप याद्यांमधले बरेचसे सिनेमे बघून झाले, बघताना भारी वाटलं, दोन दिवस डोक्यात राहिले आणि मग सगळं होतं तसंच. तर खरंच नजर बदलणारे सिनेमे कोणते, की तुमच्यातच काही कमी आहे. आणि शेवटी विचारलंय की सुट्टीत गावाकडे आई-बाबांबरोबर बघता येईल असा त्यातला एखादा सांगा.

मी बरीच वर्षं एक छोटा फिल्म क्लब चालवते, शिवाय कॉलेजच्या पोरांसाठी आणि शिक्षकांसाठी सिनेमा कसा बघायचा याच्या कार्यशाळा घेते, त्यामुळे हा प्रश्न दर बॅचला कुणीतरी विचारतंच. यादी द्यायला मला पाच मिनिटं लागतील, पण तुमचा प्रॉब्लेम यादीचा नाहीये असं मला वाटतं. तुम्ही जे सिनेमे लिहिलेत ते बहुतेक एकतर धक्का देणारे आहेत नाहीतर संदेश देणारे, आणि दोन्हींकडून तुम्ही जी अपेक्षा करताय ती त्यांच्याकडून पुरी होण्यातली नाही.

धक्क्याचं असं की शेवटच्या दहा मिनिटांत कळतं, नायक मेलेलाच होता, किंवा खुनी म्हणजे तो आपला भला माणूसच. डोकं गरगरतं, आपण लगेच मित्राला मेसेज टाकतो की बघच. मजा येते, मलाही येते, त्यात काही वाईट नाही. पण धक्क्यात बदलतं ते त्या गोष्टीबद्दलचं मत, गोष्ट संपली की विषय संपला. संदेशवाल्यांचं आणखी वेगळं, तिथे शेवटाकडे कुणीतरी भाषण करतं, संगीत चढतं आणि आपण टाळ्या वाजवतो कारण ते आपल्याला आधीच पटलेलं असतं. हुंडा वाईट, भ्रष्टाचार वाईट, मुलांवर अपेक्षांचं ओझं टाकू नका, याला नाही कोण म्हणणार? आपण स्वतःवरच खूश होऊन बाहेर पडतो.

नजर बदलली हे ओळखायची माझी खूण साधी आहे. जी गोष्ट तुमच्या रोजच्या रस्त्यावर आधीपासून होतीच ती सिनेमानंतर पहिल्यांदा दिसायला लागते. मत बदलेलच असं नाही, पण दिसते, आणि एकदा दिसली की परत न दिसल्यासारखं करता येत नाही. आणि हे काम सिनेमा सांगून करत नाही. तो तुम्हाला कुठे उभं करतो आणि तिथे किती वेळ उभं ठेवतो, सगळी गोम या दोन गोष्टींत असते. विषय कितीही मोठा असला आणि कॅमेरा नेहमीच्याच जागी असला तर काही होत नाही.

उदाहरणं देते. स्पॉयलर आहेत, पण हे सिनेमे स्पॉयलरने मरणारे नाहीत.

चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ (२०१४) घ्या. एका म्हाताऱ्या लोकशाहिरावर खटला आहे, आरोप असा की त्याच्या गाण्यामुळे एका गटार साफ करणाऱ्या कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या केली. हा विषय दुसऱ्या कुणाच्या हातात असता तर वकील टेबलावर हात आपटून बोलला असता, जज चष्मा पुसत भावुक झाले असते. इथे कॅमेरा लांब एका जागी ठेवलाय, हलत नाही, चेहऱ्याजवळ जात नाही. कायद्याची कलमं सपाट आवाजात वाचली जातात, तारीख पडते, पुढची केस. कधी कोर्टाची पायरी चढला असाल तर कळेल की हे किती खरं आहे, आणि नसाल तर पहिला अर्धा तास कंटाळा येईल. तो येऊ द्या, कारण ती जागा मागच्या बाकावर आपली तारीख यायची वाट बघत बसलेल्या माणसाची आहे आणि दिग्दर्शकाने तुम्हाला तिथेच बसवलंय.

मग त्या कामगाराच्या बायकोची साक्ष येते. ती काही रडत वगैरे नाही. विचारलं तेवढं सांगते, की नवरा आत उतरायच्या आधी दगड टाकून बघायचा, झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे असं समजायचं. दारू प्यायचा का, तर हो, वास सहन व्हावा म्हणून. एक डोळा गेला होता. एवढंच. आमच्याकडे हा सिनेमा दाखवला की नंतरच्या चर्चेत हमखास कुणीतरी म्हणतं की आमच्या गल्लीतल्या उघड्या चेंबरपाशी लोक उभे असतात ते मी रोज बघतो, पण आत उतरताना ते काय बघून उतरतात हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. मी म्हणते ते हेच. सफाई कामगारांवर चार लेख या माणसाने आधी वाचलेले असतात, माहिती त्याच्याकडे होतीच.

‘कोर्ट’मधली अजून एक गोष्ट मला फार भारी वाटते. सरकारी वकील बाई, जिच्यावर आपण एव्हाना चिडलेलो असतो, ती काम संपल्यावर लोकलने घरी जाते आणि कॅमेरा तिच्या मागे जातो. स्वयंपाक करते, घरच्यांना वाढते, सुट्टीच्या दिवशी सगळ्यांना घेऊन नाटकाला जाते आणि परप्रांतीयांवरच्या विनोदांना सगळं थिएटर हसतं. ही बाई आपल्या मावशीसारखी आहे. आणि तीच दुसऱ्या दिवशी एका माणसाला आत ठेवायला निर्विकारपणे उभी राहते. तिला खलनायिका केलं असतं तर आपण सुटलो असतो.

शेवटी कोर्टाला सुट्टी लागते, कर्मचारी दिवे घालवतात आणि पडदा बराच वेळ काळाच राहतो. आमच्या हॉलमध्ये इथे दरवेळी निम्मी जनता उठते, पिशव्या उचलते. आणि मग पिक्चर परत सुरू होतो, जजसाहेब कुटुंबकबिल्यासह रिसॉर्टवर, आणि ओळखीच्या एका लहान मुलाच्या अडचणीवर अंकशास्त्राचा सल्ला देतायत. उठलेली माणसं उभ्याउभ्याच ते बघतात. असं दिग्दर्शकाच्या मनात होतं का माहीत नाही, मला मात्र ते उभं राहून बघणं फार योग्य वाटतं.

उलट टोकाचं उदाहरण म्हणजे जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा ‘राशोमोन’ (१९५०). एका खुनाच्या वेगवेगळ्या हकिगती, सगळ्यांना एवढं माहीत असतं आणि ‘सत्य सापेक्ष असतं’ म्हणून लोक मोकळे होतात. पण बघताना एक लक्षात घ्या, साक्षीदार कॅमेऱ्याकडे तोंड करून बसतात, उत्तरं देतात आणि न्यायाधीश एकदाही दिसत नाही, त्याचा आवाजही येत नाही. त्याच्या जागी आपण आहोत. कोर्टच, पण ‘कोर्ट’ने बाकावर बसवलं होतं आणि हा खुर्चीत बसवतो, आणि खुर्चीत बसून निकाल देता येत नाही ही अवस्था अंगावर येते.

आता नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’. तुम्ही लिहिलंय की बघितलाय, शेवटचा दगड आवडला. सगळ्यांना दगडच आठवतो, आणि तो आहेच तसा, जब्या, म्हणजे गावाने ‘खालच्या’ मानलेल्या जातीतला शाळकरी पोरगा, दगड मारतो तो थेट कॅमेऱ्याकडे आणि पडदा काळा. पण तो दगड आपल्याला का लागतो याची तयारी आधीची पंधरा-वीस मिनिटं चाललेली असते. जब्याचं कुटुंब शाळेजवळ डुक्कर पकडतंय, गावातली पोरं बसून बघतायत, टिंगल चाललीय, आणि जब्याचा जीव त्याच्या शाळेतली मुलगी बघेल या लाजेने अर्धा झालाय. हे सगळं आपण त्या टिंगल करणाऱ्या पोरांच्या बाजूने बघत असतो. पळापळ आहे, पडतात, डुक्कर निसटतं, हॉलमध्ये हसू येतंच, मी दरवेळी ऐकते. मग शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, हाताशी आलेलं डुक्कर सोडून हे कुटुंब जागच्या जागी सावधान उभं राहतं आणि डुक्कर निवांत निघून जातं. यावरही काही जण हसतात आणि मध्येच थांबतात. नंतर मारलेलं डुक्कर बांबूला टांगून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेबांचं, सावित्रीबाईंचं चित्र, त्यावर कुणीही एक शब्द बोलत नाही. एवढं झाल्यावर दगड येतो, तो पडद्यावरच्या टवाळांना आणि मघाशी हसलेल्या आपल्याला एकदमच येतो. म्हणून म्हणते, शेवट परत बघू नका, मागची अर्धी फिल्म परत बघा आणि आपण कुठे हसलो ते स्वतःशी नोंदवा.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. कुणाची नजर बदलणार आणि कशी, हे बघणारा कोण यावर खूप अवलंबून आहे. ‘फँड्री’ने ‘डोळे उघडले’ असं म्हणणारे बहुतेक माझ्यासारखे, ज्यांना ते डोळे आधी उघडावे लागले नव्हते. ज्या पोरांनी ते भोगलंय त्यांना त्यात नवीन माहिती शून्य. त्यांच्यातला एक जण चर्चेत बोलला होता की नवीन एवढंच वाटलं की हे सगळं एवढ्या मोठ्या पडद्यावर आलं आणि बाकीचे गप्प बसून बघत होते. त्याच्यासाठी तो वेगळाच सिनेमा होता. त्यामुळे एखाद्या गाजलेल्या सिनेमाने तुम्हाला काहीच झालं नाही तर त्यात कमीपणा कसला, कदाचित ती गोष्ट तुम्हाला आधीच दिसत होती, किंवा अजून तुमच्या वाटेवर आलेली नाही.

दुसरं म्हणजे वेळ यावी लागते. सत्यजित राय १९५० साली जाहिरात कंपनीच्या कामासाठी लंडनला होते, तिथे त्यांनी इटालियन दिग्दर्शक डी सिकाचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ बघितला आणि ठरवलं की आपणही असंच, खऱ्या ठिकाणी, नवख्या माणसांना घेऊन सिनेमा करायचा. त्यातून १९५५चा ‘पथेर पांचाली’ आला. हा किस्सा सगळे ‘एका सिनेमाने आयुष्य बदललं’ म्हणून सांगतात. पण ‘पथेर पांचाली’ ज्या कादंबरीवर आहे तिच्या मुलांसाठीच्या आवृत्तीची चित्रं राय यांनी त्याच्या कितीतरी आधी काढली होती, कलकत्त्यात मित्रांबरोबर फिल्म सोसायटी सुरू करून झाली होती. ती गोष्ट डोक्यात होतीच, करायची कशी एवढंच अडलं होतं. तोच सिनेमा लंडनमध्ये इतर शेकडो लोकांनी बघितला आणि जेवायला घरी गेले. तर तुमच्या डोक्यात सध्या कुठला प्रश्न अडकलाय त्याच्या आसपासचा सिनेमा निवडा. वडिलांशी पटत नाहीये, नोकरी नकोशी झालीय, घर सोडून शहरात आलाय, काहीही. ‘जगातले सर्वोत्तम शंभर’ हा निवडायचा मार्ग माझ्या मते सगळ्यात बेकार.

किती वेळ उभं ठेवतो हे मघाशी म्हटलं, त्याबद्दल. शांताल आकरमनचा ‘जान डिलमन’ (१९७५) म्हणून एक सिनेमा आहे, २०२२ साली ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाने जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतला त्यात तो पहिला आला आणि मग लोकांनी तो बघायला घेतला आणि अर्ध्यात सोडला. तीन तास एकवीस मिनिटं आहे. ब्रसेल्समधली एक विधवा बाई, तिचे तीन दिवस. अंथरूण आवरते, भांडी घासते, बटाटे सोलते, मुलगा आला की वाढते. (दुपारी एक गिऱ्हाईक येतं, त्यावरच तिचं घर चालतं, तेही तितक्याच शिस्तीत.) कॅमेरा समोर स्थिर, बटाटा सोलायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ पडद्यावर. दिग्दर्शिका तेव्हा पंचविशीत होती, हे मला अजूनही खरं वाटत नाही. पहिला तास तुम्ही विचार करता की पुढे काय होणार. दुसऱ्या तासात तुम्हाला तिची कामाची पद्धत पाठ झालेली असते, कुठला दिवा कधी लावते, झाकण कुठे ठेवते. आणि मग दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात. बस. आणि हॉलमध्ये अक्षरशः कुणीतरी ‘अरे’ म्हणतं! साध्या सिनेमात गाडी दरीत कोसळली तरी एवढं होत नाही.

हा सिनेमा बघून गेलेले पुरुष, विशेषतः वयाने मोठे, नंतर कधीतरी भेटले की आपणहून स्वयंपाकघराचं काहीतरी बोलतात. ओट्यापाशी बायको किती वेळा वाकते, कुकर लावून झाल्यावर ती बसत नाही, असलं काहीतरी. त्यांनी घरात कामाला हात लावला की नाही ते मी विचारत नाही, उत्तर बहुतेक ठिकाणी मला माहितीये. पण दिसायला लागलं हे खरं.

तीन तास झेपणार नसतील तर जिओ बेबीचा मल्याळम ‘द ग्रेट इंडियन किचन’ (२०२१) बघा, तो जवळचाही आहे. त्यात सिंकखाली गळणारा पाइप आहे. नवऱ्याला सांगितलं जातं, तो हो हो म्हणतो, विसरतो, ती खाली भांडं ठेवते, खरकट्याचं पाणी साठतं, उपसते, परत साठतं. सासऱ्यांना भात चुलीवरचाच हवा, कपडे मशीनमध्ये नकोत, आणि हे सगळं ते अगदी गोड आवाजात सांगतात. बराच वेळ एकही माणूस ओरडत नाही, आणि म्हणूनच तो आपल्या घरांच्या इतका जवळ जातो. शेवट मला थोडा घाईचा आणि जोरात वाटला, पण तोपर्यंत त्या पाइपने काम केलेलं असतं.

एक इशारा. नजर बदलते म्हणजे चांगल्याच दिशेला बदलते असं अजिबात नाही. १९१५ साली अमेरिकेत ग्रिफिथचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ आला, तंत्राच्या दृष्टीने त्या काळाच्या पुढचा, आणि त्यात कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्यांची हिंसक संघटना घोड्यांवरून धावत येणारे नायक म्हणून दाखवलीय. बंद पडलेली ती संघटना त्याच वर्षी पुन्हा उभी राहिली, सिनेमाची हवा त्यामागे होतीच. तिथेही लोकांना दुसऱ्या जागी उभं करून बघायला लावलं होतं. त्यामुळे सिनेमा बघून एखाद्या समाजाबद्दल तुमच्या मनात एकदम खात्री तयार झाली, विशेषतः राग, तर मी जरा थांबेन. या सिनेमात कुणाच्या घरात कॅमेरा गेला आणि कुणाच्या घरात एकदाही गेला नाही, एवढं बघितलं तरी बराच उलगडा होतो.

आता बघायची पद्धत, कारण निम्मा घोळ तिथे आहे. तुम्ही लिहिलंय की ऑफिसवरून आल्यावर जेवताना लॅपटॉपवर बघता, कधीकधी दीडपट स्पीडने. मग ‘जान डिलमन’चा बटाटा दीडपट वेगाने सोलला जाणार, त्यात काय उरलं? असं बघणं म्हणजे मेथीची भाजी न शिजवता खाऊन कडू लागली म्हणण्यासारखं आहे. एका बैठकीत, अंधार करून, फोन दुसऱ्या खोलीत. आधी रिव्ह्यू वाचू नका, आणि संपल्यावर लगेच ‘शेवटाचा अर्थ’ सांगणारे व्हिडिओ तर मुळीच नको, ते तुमच्या डोक्यात काही तयार व्हायच्या आत दुसऱ्याचं उत्तर आणून ओततात. कंटाळा आला तर पुढे ढकलू नका, कंटाळ्यात आपण पडद्याच्या कोपऱ्यात बघायला लागतो आणि तिथेच बऱ्याच वेळा खरी गोष्ट असते.

आमच्याकडे सिनेमानंतर मी ‘काय शिकलात’ किंवा ‘संदेश काय’ हे विचारूच देत नाही. प्रत्येकाने फक्त एक दिसलेली गोष्ट सांगायची, वस्तू, हालचाल, आवाज, काहीही. सुरुवातीला लोक अडखळतात कारण शाळेपासून आपल्याला तात्पर्य काढायची सवय. पण वीस लोकांनी वीस गोष्टी सांगितल्या की लक्षात येतं की यातल्या निम्म्या मला दिसल्याच नव्हत्या, मी तिथेच बसलेलो असून. एकटे बघत असाल तर झोपायच्या आधी वहीत अशा चार-पाच गोष्टी लिहा, मत लिहू नका. आणि जो सिनेमा आठवड्यानंतरही अधूनमधून वर येतो तो महिन्याभराने परत बघा. नवीन दहा बघण्यापेक्षा एक परत बघणं, हे मी कुणालाही सांगेन.

म्हणजे तुमच्यासाठी क्रम असा, आधी ‘कोर्ट’, मग ‘फँड्री’ परत, मग ‘ग्रेट इंडियन किचन’, आणि सलग सुट्टी मिळाली की ‘जान डिलमन’. ‘राशोमोन’ अधेमध्ये कधीही. घाई नाही.

राहिले आई-बाबा. त्यांच्याबरोबर मी यातला एकही लावणार नाही, किचनवाला तर नाहीच, निदान पहिल्याच संध्याकाळी नाही, उगाच घरात अबोला व्हायचा. त्यांच्यासाठी अब्बास किआरोस्तामींचा इराणी सिनेमा ‘व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस’ (१९८७). सव्वा तासाच्या थोडा वर आहे, मारामारी नाही, अवघडल्यासारखं होईल असं काही नाही. अहमद नावाच्या शाळकरी पोराकडे चुकून मित्राची वही येते, मास्तरांनी त्या मित्राला दम दिलेला असतो की परत वहीत गृहपाठ नाही दिसला तर शाळेतून काढीन, म्हणून हा वही द्यायला शेजारच्या गावी पळत जातो. घर सापडत नाही. एवढीच गोष्ट. पण आई, आजोबा, रस्त्यातली माणसं, कुणीही त्याचं वाक्य पुरं ऐकून घेत नाही. तो आईला वहीचं सांगतोय आणि आई म्हणतेय गृहपाठ कर, बाळाला बघ, ब्रेड आण. आजोबा तर स्वतःकडे सिगारेट असताना त्याला सिगारेट आणायला पाठवतात, का, तर पोराला वळण लागावं म्हणून. कॅमेरा बराच वेळ त्या पोराबरोबर असतो, त्यामुळे तुमचे बाबा दीड तास एका मुलाच्या जागी बसलेले असतील, जिथून मोठी माणसं ऐकत नाहीत एवढंच दिसतं.

आमच्या शिक्षकांच्या कार्यशाळेत हाच सिनेमा सगळ्यात जास्त चालतो. एका बाईंनी नंतर सांगितलं होतं की वर्गात पोरगं काही सांगायला आलं की ‘आधी जागेवर बस’ हे वाक्य तोंडातून निघताना आता त्यांना स्वतःलाच ऐकू येतं.

सबटायटल्सचा प्रश्न येईल. आई-बाबांना इंग्रजी वाचायला त्रास होत असेल तर तुम्ही शेजारी बसून सांगा, संवाद कमी आहेत, आणि तेच तेच वाक्य इतक्या वेळा येतं की अर्ध्या तासानंतर सांगावंही लागत नाही. फक्त मध्ये मध्ये ‘बघा, असंच तुम्ही करायचा’ असं म्हणू नका. संपल्यावर चहा टाका आणि त्यांना काय दिसलं ते विचारा. काही बोलले नाहीत तरी चालेल. आवडला तर हेही सांगा की १९९० साली त्या भागात मोठा भूकंप झाला, तेव्हा किआरोस्तामी त्यात काम केलेल्या मुलांना शोधायला परत तिकडे गेले आणि त्या शोधावरून त्यांनी पुढचा सिनेमा केला. मग तो दुसऱ्या दिवशी लावता येईल.